उभ्या गाडीतले बिऱ्हाड

मे महिना सरत आला की कोकणातल्या मोहल्ल्यांत एक ठरलेली धावपळ सुरू होते. सुट्टीवर आलेली मुले कुवेत, कतार, दुबई, मस्कतला परत निघतात. बॅगांत लोणचे, सुकी मच्छी, तांदळाचे पीठ बसवण्याची खटपट चाललेली असते. शेवटच्या दिवशी मोटरसायकल पडवीत ढकलली जाते, तिच्यावर जुनी चादर किंवा ताडपत्री पडते आणि चावी अम्मीच्या कपाटात जाते. ती चावी पुन्हा बाहेर निघते ती पुढच्या सुट्टीला, ईदच्या तोंडावर. मधले आठ-दहा महिने गाडी एकटी उभी आहे, असे आपण समजतो. पण पडवीत उभी असलेली गाडी एकटी नसते.

सुट्टीवर आलेला मुलगा बटण दाबतो, गाडी सुरू होत नाही. किक मारतो, तरी नाही. बॅटरी उतरली असेल म्हणून नवी आणली जाते, तरीही दिव्यांचा पत्ता नाही. मग गॅरेजवाला येतो, सीट उचलतो आणि म्हणतो, “भाईजान, वायरिंग खाल्लंय उंदरानं.” सीटच्या फोमचा चुरा, नारळाच्या काथ्या, वर्तमानपत्राचे कपटे आणि मधोमध उंदराचे घर. तीस दिवसांच्या सुट्टीतले चार-पाच दिवस गॅरेजच्या फेऱ्यांत जातात आणि दिनार-दिरहम मोजून घेतलेल्या गाडीवर पुन्हा खर्च बसतो.

हे नुकसान पैशांपुरते असते, तर त्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. कुरतडलेल्या वायरी एकमेकींना चिकटून ठिणगी पडते. पेट्रोलची रबरी नळी कुरतडली गेली, तर थेंब-थेंब पेट्रोल गळत राहते. ही दोन्ही कामे एकाच गाडीत झाली, तर आग लागायला तिसऱ्या गोष्टीची गरज नाही, आणि ती गाडी आपल्याच घराच्या पडवीत उभी असते. रात्री झोपताना दिवा विझवावा, कारण उंदीर वात ओढून घराला आग लावू शकतो, अशी ताकीद हदीसमध्ये आली आहे. दिवे बदलले, वातीच्या जागी वायर आली. उंदराची सवय तीच राहिली. त्यातच घरात म्हातारी माणसे, बाळंतपणाला आलेली लेक असते. रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात जायचे तर दारातल्या गाडीचाच भरवसा असतो. ऐन वेळी ती सुरू झाली नाही, तर होणारे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

गाडीच का?

उंदराच्या पुढच्या दातांची वाढ आयुष्यभर थांबत नाही. ते झिजवत ठेवले नाहीत, तर त्याला खाणेच अशक्य होईल. म्हणून तो लाकूड, साबण, प्लास्टिक, शिशाचे पाइपसुद्धा कुरतडतो. वायरीवरचे मऊ आवरण त्याच्या दाताला सोयीचे पडते. नव्या गाड्यांच्या वायरीत सोयाबीनपासून केलेला पदार्थ असतो, म्हणून उंदीर त्या खातात, असे अलीकडे बरेच ऐकायला मिळते. पण जुन्या काळच्या साध्या प्लास्टिकच्या वायरीही उंदरांनी सोडल्या नव्हत्या. बहुतेक वेळा वायर पोटात जात नाही, फक्त कुरतडली जाते.

फरक पडला आहे तो वायरींच्या संख्येत. जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलमध्ये वायरी मोजक्या असत. दिवा, हॉर्न, प्लग आणि बॅटरी झाली की संपले. एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांना बीएस-६ चे नियम लागू झाले आणि मोटरसायकलमध्येही पेट्रोलचे इंजेक्शन, सेन्सर आणि छोटा संगणक आला. आता एक बारीक वायर तुटली, तरी गाडी बंद पडते आणि ती नेमकी कोणती वायर, हे शोधायला मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो. अनेकदा वायरिंगचा पूर्ण सेटच बदलावा लागतो.

दुसरे कारण निवाऱ्याचे. उंदराला अंधारी, कोरडी, अरुंद जागा हवी असते, जिथे मांजर पोहोचणार नाही. मोटरसायकलमध्ये अशा जागा पुष्कळ: सीटखालचा कप्पा, टाकीखालची पोकळी, हेडलाइटचा खोका, सायलेन्सरचे तोंड आणि त्यांची सर्वांत आवडती जागा म्हणजे एअर फिल्टरचा डबा. तिथे वारा लागत नाही आणि फिल्टरचा कागद अंथरूण म्हणून आयताच मिळतो. स्कूटरच्या डिकीत ठेवलेले हेल्मेट म्हणजे तयार पाळणाच. चारचाकीत बॉनेटखालचा जाड पट्टा, एसीचा ब्लोअर आणि छताचे अस्तर या ठरलेल्या जागा.

तिसरे कारण ऋतूचे. जूनमध्ये पाऊस धरला की शेताच्या बांधावरची आणि परसातली बिळे पाण्याने भरतात आणि त्यातले रहिवासी कोरड्या जागेच्या शोधात घराकडे सरकतात. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून झाले, शेते मोकळी झाली की दुसरी लाट येते. म्हणजे आपली गाडी ज्या काळात बंद असते, नेमक्या त्याच काळात उंदरांना घराची गरज असते.

कोण राहायला आले, ते ओळखा

सगळ्यांना आपण सरसकट ‘उंदीर’ म्हणतो, पण उपाय करायचा तर आलेला पाहुणा कोण, ते कळायला हवे. आपल्या घरांत साधारण चौघे दिसतात.

पहिली पिटुकली उंदरी. तिच्या लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या, तीन ते सहा मिलिमीटर लांबीच्या. जेमतेम पेन्सिल जाईल एवढ्या, सहा-सात मिलिमीटरच्या फटीतूनही ती आत शिरते. एअर फिल्टरच्या डब्यात घर करते ती बहुधा हीच. तिचे गरोदरपण अवघ्या तीन आठवड्यांचे असते, एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण करू लागतात. आठ महिन्यांच्या गैरहजेरीत एका जोडीचे किती होतील, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

दुसरा कौलांवरचा, माडावरचा काळा उंदीर. लांब शेपटीचा हा पट्टीचा चढणारा. आढ्यावरून, दोरीवरून, फांदीवरून तो येतो. याची लेंडी सेंटिमीटरहून मोठी असते. तिसरी घूस. ती चढण्यापेक्षा खणण्यात पटाईत. गाडीच्या शेडची जमीन पोखरणारी हीच.

चौथी चिचुंद्री. लांब सोंडेसारख्या तोंडाची, उग्र वासाची, भिंतीच्या कडेने चूं-चूं करत पळणारी. ती मुळात उंदीर नाहीच. तिचे खाणे झुरळे आणि किडे. वायरी कुरतडण्याचा आळ तिच्यावर येतो, पण ते काम तिचे नव्हे. तिला मारण्याचे कारण नाही.

आधी जागा, मग गाडी

गाडीवर कितीही कव्हरे घाला, तिच्या शेजारी भाताची कणगी असेल तर उंदीर येणारच. कोकणातल्या पडवीत गाडीला शेजार कोणाचा असतो ते पाहा: सोललेल्या नारळांचा ढीग, गुरांसाठी पेंढा, पावसाळ्याची बेगमी म्हणून रचलेला लाकूडफाटा, कोंबड्यांचे खाद्य, जुन्या चादरींचे गाठोडे. खाणे, अंथरूण आणि लपायला जागा, तिन्ही सोयी एका ठिकाणी. पहिला उपाय त्यामुळे फुकटचा आहे. गाडी आणि धान्य एका खोलीत ठेवू नका. तांदूळ, कोंडा, कोंबड्यांचे खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा. प्लास्टिकची पिंपे उंदीर पोखरतो. कोंबड्यांना टाकलेले दाणे रात्री जमिनीवर पडून राहू देऊ नका. लाकडे भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच रचा, म्हणजे खालून झाडता येते आणि मांजरही फिरते.

दुसरे काम फटींचे. शेडचे दार बंद करून आत उभे राहा आणि बाहेरचा उजेड कुठून येतो ते पाहा. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारा. रबराची पट्टी दोन रात्रींत कुरतडली जाते. नळाच्या आणि वायरीच्या भोकांत आधी तारेचा चोथा घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट लावा. नुसते सिमेंट ओले असतानाच उकरले जाते. खिडकीला आणि हवेच्या झरोक्याला बारीक भोकांची लोखंडी जाळी हवी; पाव इंचाच्या पुढचे भोक नको. मच्छरदाणीच्या नायलॉनच्या जाळीचा इथे उपयोग नाही.

तिसरे, वरची वाट. शेडच्या पत्र्यावर टेकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या हातभर नव्हे, चांगल्या वावभर मागे छाटा. माडावर उंदीर चढू नये म्हणून आपले बागायतदार बुंध्याभोवती पत्र्याचा गुळगुळीत पट्टा बांधतात, कारण पत्र्यावर त्याची नखे रुतत नाहीत. हेच तत्त्व शेडच्या लाकडी खांबांना लावता येते. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर हातभर रुंदीचा पत्रा खांबाला गुंडाळला की ती वाट बंद.

गाडी उभी करताना

बंद ठेवण्याआधी गाडी धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. सीटखाली आणि डिकीत काय आहे ते एकदा रिकामे करून बघा. मुलांच्या बिस्किटांचा चुरा, खजुराचा फाटका पुडा, शेंगदाण्याची टरफले, पुसायचे फडके, जुनी बिले असे बरेच काही निघते. खाण्याचे तुकडे आमंत्रण ठरतात, फडकी आणि कागद घरट्याचे सामान होतात. हेल्मेट, रेनकोट, हातमोजे घरातल्या कपाटात न्या. चारचाकीतल्या गाद्यांच्या फटींतून, लहान मुलांच्या खुर्चीखालून व्हॅक्युम किंवा ब्रश फिरवा.

गाडी मधल्या स्टँडवर, शक्य तर गुळगुळीत लादीवर, भिंतीपासून दोन हात दूर उभी करा. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, मोकळी जमीन ओलांडायला घाबरतो. दोन हातांचे मोकळे अंतर ही त्याच्यासाठी मोठी अडचण असते. गाडीला टेकून शिडी, फळी, दोरी, फावडे काहीही ठेवू नका. तो त्याचा जिना होतो.

बॅटरी काढून घरात ठेवा, किंवा निदान तिची वायर सोडवा. बॅटरीच जोडलेली नसेल तर कुरतडलेल्या वायरीतून ठिणगी पडण्याची भीती राहत नाही. या एका कामाला पाच मिनिटे लागतात आणि घराला लागणारी संभाव्य आग टळते. हे करताना आधी उणे टोक सोडवा आणि जोडताना ते शेवटी जोडा. न जमल्यास मेकॅनिककडून करून घ्या.

सायलेन्सरचे तोंड आणि एअर फिल्टरची हवा घेण्याची वाट, या दोन जागा जाळीने बंद करा. तारेची जाळी गोल करून तोंडावर बसवली आणि तारेने बांधली की झाले. स्टीलचा चोथाही चालतो, पण साधा चोथा कोकणच्या हवेत महिनाभरात गंजतो, स्टेनलेसचा घ्या. गाडी गरम असताना हे काम करू नका. आणि एक गोष्ट विसरू नका: लावलेली जाळी काढल्याशिवाय गाडी सुरू करायची नसते. म्हणून लाल कापडाची चिंधी हँडलला बांधा आणि कुठे-कुठे काय लावले आहे त्याची चिठ्ठी चावीला अडकवा. आठ महिन्यांनी ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

चारचाकीत काच पुसण्याच्या वायपरखाली बाहेरची हवा आत घेणारी जाळी असते. उंदरांचा एसीत जाण्याचा रस्ता तोच. बंद करताना एसीचे बटण आतलीच हवा फिरवण्याच्या खुणेवर ठेवले, तर आतला पडदा मिटलेला राहतो. सगळ्या काचा पूर्ण वर घ्या. चारचाकी बंद खोलीत असेल तर काहीजण बॉनेट उघडे ठेवतात. उजेड आणि वारा आला की ती जागा उंदराला बिळासारखी वाटत नाही. उघड्या शेडमध्ये मात्र हा प्रयोग नको, पावसाचे पाणी आत जाईल.

कव्हराबद्दल एक गैरसमज आहे. जमिनीला टेकलेली जाड ताडपत्री गाडीचे रक्षण करते, असे वाटते. खरे तर तिच्याखाली अंधार, ऊब आणि आडोसा तयार होतो. शिवाय दमटपणाने गंज चढतो. कव्हर हवा खेळेल असे कापडी असावे आणि जमिनीपासून वीतभर वर थांबावे.

वास, आवाज आणि बाजारातले उपाय

उंदीर पळवण्यासाठी प्रत्येक घराचा एक नुस्खा असतो. डांबरगोळ्या, कापूर, पुदिन्याचे तेल, तंबाखूची पाने, लाल मिरचीचे पाणी, मांजराच्या बसण्याचे फडके. यांपैकी उग्र वासाच्या वस्तू पहिले काही दिवस उंदराला बिचकवतात. पण वास उडून जातो आणि उरलेल्या वासाची उंदराला सवय होते. दर आठ-दहा दिवसांनी कोणी नवे ठेवणार असेल तर जोडीला म्हणून हे ठीक. आठ महिन्यांसाठी एकदाच ठेवून जाण्यात अर्थ नाही.

त्यातही डांबरगोळ्यांबाबत खबरदारी हवी. त्या पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या दिसतात आणि लहान मूल त्या तोंडात घालू शकते. त्यांतले नॅफ्थलीन तान्ह्या बाळांना आणि ‘जी-सिक्स-पीडी’ची कमतरता असलेल्या माणसांना विशेष घातक असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या पडवीत मुले खेळतात, तिथे त्या सुट्या टाकू नयेत. चारचाकीच्या आत तर मुळीच नको.

मिरचीचा मार्ग त्या मानाने शास्त्राला धरून आहे. मिरचीतले कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडाला झोंबते. होंडा कंपनी तर कॅप्सेसिन मुरवलेली, वायरींवर गुंडाळायची टेप विकते. कुरतडण्याच्या जागा ठरलेल्या असतील, तर अशी टेप किंवा वायरीवर चढवायची धातूची जाळीदार नळी उपयोगी पडते. मात्र टेप गुंडाळायला घेताना इंजिनाच्या तापणाऱ्या भागापासून ती दूर राहील, हे मेकॅनिकला विचारून घ्यावे. घरचे मिरचीचे पाणी वायरींच्या जोडांवर फवारू नका, जोड गंजतात.

प्लगमध्ये लावून माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रे हल्ली सर्रास विकली जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी ताकीद दिली होती. हा आवाज भिंतीपलीकडे किंवा वस्तूंच्या आड जात नाही आणि उंदरांना त्याचीही सवय होते. त्याच पैशात जाळी आणि पत्रा येतो.

सापळा हवा, विष नको

घरात माणसे असतील, तर साधा स्प्रिंगचा सापळा किंवा तारेचा पिंजरा हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. तो खोलीच्या मधोमध ठेवू नका. भिंतीला लागून, आमिषाची बाजू भिंतीकडे येईल असा आडवा ठेवा. आमिष म्हणून सुकट, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा गुळात माखलेला शेंगदाणा चालतो, आणि तो दोऱ्याने बांधावा, म्हणजे नुसता उचलून नेता येत नाही. पिटुकली उंदरी नव्या वस्तूजवळ लगेच येते. मोठा उंदीर संशयी असतो. त्याच्यासाठी सापळा दोन-तीन दिवस न लावता, नुसते आमिष घालून ठेवावा आणि त्याची भीड चेपली की मग लावावा. एका सापळ्याने काम होत नाही. गाडीच्या शेडला चार-सहा तरी हवेत. लहान मुलांचा हात जाईल अशा जागी ते नकोत. रोज सकाळी पाहणे हा त्यातला अर्धा भाग.

चिकट पुठ्ठे टाळा. त्यावर उंदीर तासन्‌तास, कधी दोन दिवस जिवंत तडफडतो. नाइलाजाने जीव घ्यावा लागला तरी त्याला यातना देऊ नयेत, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणीच शिकवले जाते. शिवाय त्या पुठ्ठ्यावर पाली, चिमण्या आणि बिचारी चिचुंद्रीही अडकते.

विषाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. दुकानात सहज मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेली, तर यकृत निकामी होते आणि तिच्यावर उतारा नाही. पहिले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग प्रकृती ढासळते. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या भुकटीतून पोटात गेल्यावर विषारी वायू तयार होतो. पावाला किंवा टोमॅटोला लावून ठेवलेले हे विष मुलांच्या हाती पडू शकते. ज्या घरात रांगते मूल आहे किंवा मनाने खचलेले कोणी आहे, त्या घरात ते असूच नये. रक्त न गोठू देणाऱ्या विषाच्या वड्या त्या मानाने संथ असतात आणि त्यांच्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण त्यांचाही तोटा आहेच. विष खाल्लेला उंदीर गाडीच्या ब्लोअरमध्ये नाहीतर माळ्यावर जाऊन मरतो आणि महिनाभर दुर्गंधी सुटते. तोच उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर ते मरते. एका रात्रीत दोन-तीन उंदीर टिपणारे घुबड आपण स्वतःच्या हाताने मारून टाकतो. चुकून कोणाच्या पोटात विष गेले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता वेष्टनासह थेट रुग्णालय गाठा, बरे वाटत असले तरी.

घर पूर्ण बंद राहणार असेल, तर सापळेही लावून जाऊ नका. मेलेल्या उंदराचा वास आणि किडे नवे प्रश्न आणतात. बंद घराला फटी बुजवणे, खाणे हटवणे आणि जाळी हेच उपाय.

मागे राहणाऱ्यांनी काय पाहायचे

गाडी मुलाची असली, तरी आठ महिने ती सांभाळतात ते अब्बा, अम्मी किंवा शेजारचे चाचा. त्यांना गाडी चालवता येत नसली तरी बिघडत नाही. आठवड्यातून एकदा, टॉर्च घेऊन, पाच मिनिटांचे काम आहे. सीट उचलून पाहायची. जमिनीवर लेंड्या, फोमचा चुरा, कपटे आहेत का ते बघायचे. मुताचा तिखट वास येतो का ते हुंगायचे. गाडीभोवती चुन्याची किंवा टाल्कमची पातळ भुकटी पसरून ठेवली, तर रात्रीची पावले सकाळी उमटलेली दिसतात. पिठाची भुकटी नको, ते जेवण होईल. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून जागा बदलली तरी उंदीर बिचकतो, आणि टायरही एकाच जागी दबत नाहीत.

‘दर रविवारी दोन मिनिटे चालू करून बंद करा’ असा सल्ला नेहमी दिला जातो. दोन मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, बॅटरी मात्र खर्च होते, आणि इंजिन कोमट राहिल्याने उंदराला ऊब मिळते ती वेगळीच. चालवायचीच तर कोणी जाणत्याने पंधरवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फिरवून आणावी. नाहीतर नुसती पाहणी पुरे.

हे सगळे फक्त मोटरसायकलला लागू नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काढून ठेवलेली होडीची मशीन, लावणी संपल्यावर गोठ्यात उभा केलेला पॉवर टिलर, चालक आजारी म्हणून महिनाभर उभी असलेली रिक्षा, मुंब्रा-मीरा रोडच्या सोसायटीत तळमजल्यावर कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहणारी चारचाकी, सगळ्यांची गोष्ट तीच. शहरात त्या डब्याचे झाकण आणि गटाराची जाळी हाच पहिला उपाय, आणि तो एकट्याने नव्हे, सोसायटीच्या सभेत ठरवून करायचा असतो.

चावी फिरवण्याआधी

परत आल्यावर उत्साहात थेट बटण दाबू नका. आधी लाल चिंधी आणि चिठ्ठी पाहून सगळ्या जाळ्या काढा. मग सीट उघडा, एअर फिल्टरचा डबा उघडा, सायलेन्सरमध्ये टॉर्च मारा. घरटे आत असताना इंजिन सुरू केले, तर कचरा ओढला जातो, आणि गरम सायलेन्सरला लागलेला पेंढा पेट घेतो. पेट्रोलच्या नळीवरून बोट फिरवा, गाडीखाली ओल आहे का बघा, पेट्रोलचा वास येतो का ते पाहा. ब्रेकच्या नळ्या आणि केबल तपासा. कुरतडलेल्या ब्रेकच्या नळीने गाडी सुरू होते, पण थांबत नाही. एवढे झाल्यावर बॅटरी जोडा. जोडताच कुठे धूर किंवा जळका वास आला, तर लगेच सोडवा आणि गाडी ढकलत गॅरेजला न्या. चारचाकीत लेंड्या दिसल्या, तर एसी लावण्याआधी केबिनचा फिल्टर काढून पाहा; नाहीतर ती सगळी धूळ मुलांच्या तोंडावर येईल.

तुटलेल्या वायरी नुसत्या पिळून, वर चिकटपट्टी लावून चालवणे म्हणजे दुखणे पुढे ढकलणे. जोड झाळून, आवरण चढवून घ्या.

साफसफाई जपून

लेप्टोस्पायरोसिस हे नाव कोकणाला आणि मुंबईला नवे नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत या तापाची मोठी साथ आली. त्याचे जंतू उंदरांच्या मुतातून ओल्या मातीत, पाण्यात मिसळतात आणि हातापायावरच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतात. उंदराचे घरटे काढताना कुरतडलेल्या तारेचे टोक बोटाला लागणे अगदी सोपे असते. म्हणून रबरी हातमोजे आणि मास्क घालून बसा. घरटे आणि लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, फुंकू नका. जंतुनाशक पाणी शिंपडा, पाच-दहा मिनिटे भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून पुरा. लादीवर ब्लीचचे पाणी चालेल. गाडीच्या धातूवर आणि वायरींवर ते नको, तिथे साबणाच्या पाण्याचे पिळलेले फडके पुरे. घरट्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. जिथे उंदीर तिथे त्यांच्या मागावर साप येतात. धामण असली तर ती निरुपद्रवी आणि आपल्या कामाची, पण नाग आणि घोणसही उंदरांसाठीच येतात.

असे काम केल्यावर किंवा पावसाच्या पाण्यात फिरल्यावर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप, डोके आणि पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना उंदराचा संबंध आवर्जून सांगा. वेळेत औषध सुरू झाले तर हा आजार बरा होतो. अंगावर काढला तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत पोहोचतो.

शेवटी विम्याचे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विम्यातही उंदराने केलेले नुकसान धरले आहे की नाही, ते कंपनीगणिक बदलते. पॉलिसीचा कागद काढून तेवढी ओळ वाचून घ्या किंवा एजंटकडून लेखी विचारून घ्या.

जाळी, पत्र्याची पट्टी, तार आणि दोन-चार सापळे, एवढा सगळा खर्च एका वायरिंगच्या बिलापेक्षा कमीच राहतो, आणि काम एका दुपारचे आहे. पुढच्या वेळी बॅगा भरताना ती एक दुपार गाडीसाठी राखून ठेवा. मुलांना हाताशी घ्या, बॅटरी कशी सोडवायची ते अब्बांना दाखवा आणि चिठ्ठी अम्मीच्या कपाटात चावीसोबतच ठेवा.